यार्डातलं गणित

फौंड्रीविषयी कुणी लिहायला बसलं की आधी आग येते, मग ठिणग्या, मग घामाने निथळणारी माणसं. त्यात खोटं काही नाही. पण ज्या कामात मी उमेदीची वर्षं घालवली, त्यात आगीपाशी ठरवण्यासारखं फार थोडं उरलेलं असायचं. वाराणसीच्या चांदपूर औद्योगिक वसाहतीत आमची क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, दुपारी पेटायची. त्या दिवशीचा माल नीट निघणार की मशीनशॉपवाला शिव्या घालत परत पाठवणार, हे सकाळी यार्डातच ठरून गेलेलं असे. यार्ड म्हणजे पत्र्याच्या शेडमागची उघडी जागा. एका बाजूला भंगार, दुसऱ्या बाजूला आमच्याच ओतीव मालावरून तोडलेल्या रनर-रायझरचा (साच्याच्या वाटांत गोठलेल्या लोखंडाचा) ढीग, कोपऱ्यात कोक, आणि मधोमध पिग आयर्नचे ठोकळे, पावसात भिजून गंजाने लाल झालेले. आज पिग किती घालायचं, यावर सकाळी आमचा अर्धा तास जायचा.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एमआयडीसीत ऑइल इंजिनांचे भाग ओतणाऱ्या फौंड्रीत लागलो, मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो, मग डिप्लोमा केला. बनारसच्या एका कारखानदाराला बिडाचं काम माहीत असलेला माणूस हवा होता आणि ओळखीओळखीतून तो निरोप माझ्यापर्यंत पोचला. ते ऐंशीचं दशक. "लोक काशीला म्हातारपणी जातात रे," असं म्हणत आईने बेसनाचे लाडू बांधून दिले. राहायला जागा मिळाली ती ब्रह्माघाटाजवळ, एका जुन्या मराठी घरात. घरमालकीण आजी माझ्याशी मराठीत बोलायच्या, दूधवाल्याशी बनारसीत आणि देवाशी बहुधा दोन्हीत. सकाळी चहा देताना विचारायच्या, "आज भट्टी आहे का रे?" भट्टी असली की रात्री उशीर, म्हणजे जेवण झाकून ठेवायचं.

चांदपूरच्या अलीकडेच रेल्वेचा डिझेल इंजिन कारखाना. सगळं बनारस त्याला 'डीरेका' म्हणायचं. २०२० मध्ये नाव बदललं आणि आता 'बरेका' म्हणतात. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या तंत्राने बांधलेलं तिथलं पहिलं इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडलं. आमच्यासारख्या लहान भट्टीला तिथलं मोठं काम मिळणं शक्यच नव्हतं, पण त्या कारखान्यामुळे आसपासच्या मिस्त्रींना ड्रॉइंग वाचता यायचं आणि 'चालून जाईल' हा शब्द जरा जपून वापरला जायचा. आमच्या मालाची यादी साधी होती. गावोगावच्या सहा नंबर हातपंपाचं धड, चारा कापायच्या मशीनचं चाक, उसाच्या कोल्हूचे रोलर, पॉवरलूमचे गिअर, गटाराची झाकणं. यादी साधी, पण प्रत्येकाला लोखंड वेगळं लागतं. रोलरला वरून कडकपणा हवा. गिअरचे दात पातळ, ते कडक झाले तर मशीनवर टूल मोडतं. झाकणाला काहीही चालतं. क्युपोला मात्र एकच होती, आणि दिवसाला एकदाच पेटायची.

पिग म्हणजे झोतभट्टीतून निघालेलं पहिलं लोखंड. भट्टीत वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकत राहायचं आणि खालून तापवलेली हवा फुंकायची. खनिजातला ऑक्सिजन निघून जातो, दगडमाती चुनखडीशी मिळून मळी होऊन वर तरंगते, तळाशी वितळलेलं लोखंड साचतं. एक टन लोखंडाला साधारण दीड-पावणेदोन टन खनिज जातं. पण ते लोखंड उतरतं ते सगळ्या वाटेवर कोकच्या संगतीत, त्यामुळे सुमारे ४ टक्के कार्बन त्याच्या पोटात गेलेला असतो. शिवाय सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, गंधक. ते ठोकता येत नाही, वाकवता येत नाही. घणाचा घाव नीट बसला की सरळ दोन तुकडे.

जगातलं बहुतेक पिग पोलादाकडेच जातं, आणि तेही वितळलेल्या स्थितीतच. बेसेमरने १८५६ मध्ये त्यातून हवा फुंकून कार्बन जाळून दाखवला. आपल्याकडे राउरकेल्यात पहिल्यांदा शुद्ध ऑक्सिजनची एल.डी. पद्धत आली, पंधरा-वीस मिनिटांच्या फुंकणीत चार टक्क्यांचा कार्बन दशांशात येतो. म्हणजे पोलादवाल्याच्या दृष्टीने कार्बन ही काढून टाकायची गोष्ट. आमचा धंदा उलटा. आम्हाला तो कार्बन हवाच असायचा, फक्त ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. ते पापुद्रे नीट सुटले तर बीड करडं होतं, टूलखाली मऊ कापलं जातं, कंप सोसतं. पातळ भाग झटकन थंड झाला किंवा सिलिकॉन कमी पडला की तोच कार्बन लोखंडाशी बांधला जातो आणि बीड पांढरं, काचेच्या जातीचं कडक होतं. ओतकामातलं निम्मं भांडण या करड्या-पांढऱ्याचं आहे.

म्हणून फौंड्रीसाठी पिग वेगळं करतात, सिलिकॉन जास्त असलेलं. पोलादासाठीच्या पिगमध्ये सिलिकॉन कमी ठेवतात. आता गंमत अशी की आमच्या काळात सरकारी पोलाद कारखाने पिग विकायला काढायचे ते बहुधा त्यांच्या पोलादविभागाला उचलता न आलेलं. तिकडचं कन्व्हर्टर, म्हणजे फुंकणीचं भांडं, दुरुस्तीला गेलं, की वितळलेलं लोखंड फेकून थोडंच देता येतं? मग ते साच्यांच्या फिरत्या साखळीवर ओतायचं, पाणी मारायचं, ठोकळे पाडायचे. तेच आमच्या वाट्याला. कधी फौंड्री ग्रेड, कधी पोलादाची बेसिक ग्रेड, आणि ट्रकवाल्याच्या कागदावर दोन्हींचं नाव एकच: पिग. मागायचं ते मिळायचं नाही, मिळेल त्यात भागवायचं. बोकारोचं, दुर्गापूरचं, बर्नपूरचं, असे ढीग आमचे चाचा वेगवेगळे लावून घ्यायचे आणि त्यावर खडूने खुणा करायचे.

चाचा म्हणजे भट्टीचे मिस्त्री. रामनगरकडचे. त्यांनी शाळा फारशी पाहिली नव्हती, पण पिगचा ठोकळा घणाने फोडून त्याच्या भेगेकडे दोन मिनिटं बघितलं की सिलिकॉन जास्त आहे की कमी, हे सांगायचे. दाणा मोठा, काळपट, चमचमता, बोटाला ग्राफाइट लागतं, म्हणजे मऊ माल. दाणा बारीक, रंग फिकट, मध्ये पांढरे ठिपके, म्हणजे सांभाळून. मी पुस्तकातला माणूस. सुरुवातीला मला ही जादू वाटली, नंतर लक्षात आलं की ही प्रयोगशाळाच आहे, फक्त वही नाही. वही मी घातली. ढीग कुठला, भेग कशी, त्या दिवशी प्रमाण काय, माल कसा निघाला. चाचांना वहीचं कौतुक नव्हतं. "बाबू, लिखला से लोहा नरम ना होई," असं म्हणायचे आणि मग स्वतःच येऊन विचारायचे, मागल्या खेपेचं दुर्गापूरवालं कसं वागलं होतं ते बघा जरा.

त्या काळी पिग मिळवणं ही ओतण्यापेक्षा मोठी कला होती. दर आणि वाटप दोन्ही नियंत्रणात. कारखान्यांची संयुक्त समिती दर ठरवायची, आणि लहान फौंड्रीला राज्याच्या लघुउद्योग महामंडळातून कोटा. कोटा मंजूर होणं, पैसे भरणं, डिलिव्हरी ऑर्डर येणं आणि यार्डात खरोखर माल असणं या चार वेगळ्या घटना होत्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. काहींच्या फौंड्र्या कागदावरच होत्या. त्यांची भट्टी कधी पेटली नाही, पण कोटा नेमाने उचलला जायचा आणि तो माल चढ्या भावाने आमच्याच दारात यायचा. आमचे मालक त्यांच्यावर चरफडायचे आणि त्यांच्याकडूनच घ्यायचे.

आणखी एक गोष्ट मला बनारसला आल्यावरच कळली. १९५६ पासून लोखंड-पोलादाच्या वाहतूकखर्चाचं समानीकरण होतं. देशात कुठल्याही रेल्वेस्थानकावर दर एकच. बर्नपूर बनारसपासून एका रात्रीच्या ट्रकवर, कोल्हापूर त्याच्या कितीतरी पट लांब, आणि तरी नियंत्रित दरात पिग दोघांना सारख्याच भावाने. कोल्हापुरात आम्ही आमच्या हुशारीच्या, उद्यमशीलतेच्या गोष्टी सांगायचो. त्या खऱ्याच आहेत. शिरोली-गोकुळ शिरगावची फौंड्री कुणी आयती आणून दिली नाही. पण त्या हुशारीला सरकारी भाड्याचा टेकू होता, हे कुणी बोलायचं नाही. बिहार-बंगालच्या खाणीशेजारच्या माणसाला खाणीशेजारी असल्याचा काही फायदा उरला नाही. हावड्याच्या ओतकामवाल्यांनी याविषयी वर्षानुवर्षं तक्रार केली. बनारसमध्ये तक्रार करायचीसुद्धा कुणाला हौस नव्हती. पान लावायचं आणि म्हणायचं, चलता है गुरू.

माझा महाराष्ट्राभिमान डिवचला गेला की मी चाचांना चांद्याची गोष्ट सांगायचो. जमशेटजी टाटांची नजर पोलादासाठी पहिल्यांदा गेली ती आमच्या चांदा जिल्ह्यावर. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचं खनिज उत्तम, जवळच वरोऱ्याचा कोळसा. पण वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होईना, आणि झोतभट्टीला कोकवाचून चालत नाही. तिथेच बेत थांबला. पुढे साकची, म्हणजे आजचं जमशेदपूर, निघालं आणि डिसेंबर १९११ मध्ये तिथे पहिलं लोखंड वाहिलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: त्या कोळशात राख किती? भट्टीवाल्याला इतिहासही राखेतूनच दिसतो. त्यांचं बरोबर होतं. आमच्या क्युपोलाला येणारा धनबाद-झरियाकडचा हार्ड कोक राखेने भरलेला असायचा. राख जास्त म्हणजे उष्णता कमी, चुनखडी जास्त, मळी जास्त, आणि कोकमधला गंधक लोखंडात.

भट्टीचा दिवस असा. सकाळी क्युपोलाच्या आतलं अस्तर मातीने लिंपून, लाकडं पेटवून कोकचा तळथर लालबुंद करायचा. दुपारी ब्लोअर सुरू. मग वरच्या दारातून एकावर एक थर: कोक, थोडी चुनखडी, मग पिग, भंगार, रनर-रायझर. हे ठोकळे वीस-बावीस किलोंचे. शिडीवरून माणसं खांद्यावर न्यायची. जेठमहिन्यात वर लू वाहायची, खाली भट्टी, आणि डोक्याला ओला गमछा. थोड्या वेळाने खालच्या भोकातून पहिलं लोखंड यायचं. ते जरा थंडच, झाकणांसाठी ठेवलेलं. नंतर रंग बदलायचा, नारिंगीचा पिवळट पांढरा व्हायचा, आणि चाचा हात वर करायचे. मग गिअर. दोघं-दोघं मिळून लेडल (ओतायचं भांडं) उचलायचे आणि साच्यांच्या रांगेतून जवळजवळ पळत जायचे, कारण पातळ दातापर्यंत पोचायला लोखंड गरमच हवं. शंकरगढच्या सिलिका वाळूचे साचे, त्यांत कोळशाची भुकटी. लोखंड आत गेलं की सांध्यांतून निळ्या ज्वाळा निघायच्या.

मध्येच वीज जायची. उत्तर प्रदेशात राहिलेल्याला याचं वर्णन नको. ब्लोअर थांबला की क्युपोला गपगार होते आणि आतलं लोखंड आत गोठलं तर ते फोडून काढायला पुढचे कित्येक दिवस जातात. जनरेटर होता, पण त्याचा स्वभाव मालकांसारखाच होता, वेळेवर सुरू व्हायचा नाही. त्या काही मिनिटांत कारखान्यात कुणी कुणाशी बोलत नसे. संध्याकाळी शेवटी तळाचं दार पाडायचं. जळता कोक आणि मळी धाडकन खाली पडायची, पाणी मारलं की वाफेत सगळं शेड नाहीसं व्हायचं. मग थोड्या बाजूला ओढलेल्या निखाऱ्यांवर बाटी भाजली जायची, आणि वांग्याचा चोखा. कोकवर भाजलेलं खाऊ नये असं मी एकदा म्हणालो होतो. नंतर खायला मीच पुढे.

विश्वकर्मा पूजेला, १७ सप्टेंबरला, क्युपोला बंद. आमच्याकडे हत्यारांची पूजा खंडेनवमीला, तिथे विश्वकर्म्याला. मूर्ती आणून थेट ब्लोअरशेजारी बसवायची, लेडलना हळदीकुंकू, आणि पिगच्या ढिगालाही एक झेंडूची माळ. चाचा मुसलमान, पण ती माळ तेच घालायचे. दुसऱ्या कुणी घातलेली त्यांना चालत नसे.

पिग महाग झालं की मालकांचं पहिलं लक्ष प्रमाणाकडे. साधारण ४० टक्के पिग, ३५ टक्के रनर-रायझर, बाकी भंगार, हे आमचं गिअरचं गणित. एका वर्षी टंचाई फार वाढली आणि पिग १५ टक्क्यांवर आणायचा हुकूम झाला. जागा भरून काढायला आलं ते स्वस्त पोलादी भंगार. कागदावर हिशेब सुटत होता. पोलादात कार्बन कमी, पण तो कोकमधून मिळतो; सिलिकॉन कमी पडतो, पण थोडं फेरोसिलिकॉन टाकता येतं. हिशेबात न बसणारी गोष्ट म्हणजे त्या भंगारात काय काय आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ट्रकचे स्प्रिंगपाटे, जुनी बेअरिंग, कशाकशाचे शाफ्ट. गिअर ओतले, दिसायला झकास. पॉवरलूमचे भाग तासून देणाऱ्या मशीनशॉपमध्ये गेले आणि टूलमागून टूल मोडू लागलं. सगळा लॉट परत. त्यामागून मशीनशॉपवाला स्वतः, स्कूटरवर, मोडलेली टूल रुमालात बांधून.

चाचांनी गिअरचा दात फोडला, पांढरी कड पाहिली आणि म्हणाले, पिग कम पड़ल बा. मालकांना हे कारण पटेना, कारण ते महागाचं होतं. तेव्हा मी तो तुकडा सायकलच्या कॅरियरला बांधून लंका मोहल्ल्यावरून बनारस हिंदू विद्यापीठात, बीएचयूत, नेला. तिथला धातुशास्त्र विभाग देशातला सगळ्यांत जुना. मालवीयजींच्या काळात, १९२३ मध्ये, प्रा. एन. पी. गांधी यांच्या हाताखाली खाणकाम आणि धातुशास्त्राचं पदवीशिक्षण तिथे सुरू झालं, तेव्हा देशात दुसरीकडे कुठे ते मिळत नव्हतं. पोलाद कारखान्यांच्या झोतभट्ट्यांवर उभे राहिलेले कितीतरी इंजिनिअर याच आवारातले. मी मात्र कुणाच्या ओळखीचा नव्हतो. वऱ्हांड्यात उभा राहिलो, एका प्राध्यापकांनी विचारलं काय हातात आहे, आणि तुकडा घेऊन आत गेले. घासून, पॉलिश करून, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मला बघायला बोलावलं.

करड्या बिडात दिसायला हवेत ते काळे, वाकडे पापुद्रे मध्यभागी होते. कडेकडे मात्र नुसतं पांढरं जाळं, लोखंड आणि कार्बनचं कडक संयुग. त्यांनी रासायनिक तपासणीही करून दिली. क्रोमियम निघालं, थोडंसंच, पण पातळ दाताला पुरे झालं. क्रोमियम त्या पांढऱ्या संयुगाला धरून ठेवतं, ग्राफाइट सुटू देत नाही, आणि क्युपोलात ते सगळं जळूनही जात नाही. शिवाय तो माल रनर-रायझर होऊन पुन्हा पुन्हा भट्टीत येत राहतो. "तुमच्या भंगाराची जात तुम्हाला माहीत नाही, पिगची माहीत आहे," ते म्हणाले. "पिगला तुम्ही पैसे देता ते लोखंडाचे नाही. ते माहीत असण्याचे देता."

हे वाक्य मी मालकांना मराठी-हिंदीत घोळून घोळून सांगितलं. त्यांच्यावर त्याचा परिणाम झाला असेल नसेल. मशीनशॉपच्या बिलाचा मात्र झाला. पिग परत ३५-४० वर. स्प्रिंगपाटे आणि बेअरिंग वेगळ्या ढिगात, फक्त झाकणांसाठी. चाचांनी विजयाचा एक शब्द काढला नाही. बीएचयूवाल्या साहेबांनी काय दाखवलं ते मला वाळूवर काढून दाखवायला सांगितलं. मी काढलं. बराच वेळ बघून म्हणाले, हे पापुद्रे मी रोज हाताला लावतो, दिसतात कसे ते आज कळलं.

जुन्या पिगवाल्यांचा आणखी एक समज आहे, आणि त्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तो असा की पिगमध्ये ग्राफाइट आधीच सुटलेला असतो आणि वितळल्यावरही त्याचे सूक्ष्म कण पुढच्या ग्राफाइटला विरजणासारखे लावून देतात. म्हणून रासायनिक अंक तंतोतंत जुळवलेलं भंगाराचं बीड पिगच्या बिडासारखं वागत नाही. मी हे वागणं पाहिलं आहे. कारण सांगायला गेलो तर माझ्याच वहीतल्या नोंदी एकमेकींना खोडतात.

बनारसच्या आसपास लोखंड म्हटलं की लोकांना डीरेका आठवतो. खरं तर हा भाग लोखंडात फार जुना आहे. चंदौली जिल्ह्यात मल्हारला आणि सोनभद्रमध्ये राजा नल का टीला इथे राकेश तिवारी यांच्या चमूने केलेल्या उत्खननात लोखंड, मळी आणि भट्ट्यांचे अवशेष सापडले. कालगणनेत ते इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकात जातात. सोनभद्रच्या डोंगरात आगरिया लोक अलीकडेपर्यंत मातीच्या बुटक्या भट्टीत, कोळसा आणि पायाच्या भात्यावर लोखंड काढत असत. व्हेरियर एल्विन यांनी त्यांच्यावर १९४२ मध्ये पुस्तकच लिहिलं. पण त्यांच्या भट्टीत लोखंड वितळतच नसे. तेवढी उष्णता नाही, म्हणून कार्बनही फारसा शिरत नाही. निघतो तो मळीने भरलेला स्पंजासारखा गोळा, जो ठोकून ठोकून साफ करायचा. ते लोखंड जन्मापासून मऊ आणि ठोकता येणारं. झोतभट्टीने प्रचंड माल दिला, पण कार्बनचं लचांडही सोबत दिलं, आणि मग तो काढायला कन्व्हर्टर, ठेवायला आमच्यासारखे फौंड्रीवाले. चाचांच्या गावाजवळ शेतात काळी, जड, फेसाळ ढेकळं निघायची. मी ती मळीची म्हणून ओळखली तेव्हा ते हसले. लहानपणी ती आंबे पाडायला वापरायचे म्हणाले.

१९९१ मध्ये लोखंड-पोलाद खाजगी उद्योगाला खुलं झालं आणि जानेवारी १९९२ मध्ये दर, वाटप, समान भाडं, सगळं नियंत्रण गेलं. दोन-तीन वर्षांत चित्र पालटलं. लहान झोतभट्ट्या फक्त विकायच्या पिगसाठी उभ्या राहिल्या: गोव्यात आमोण्याला सेसाची, आमच्या सिंधुदुर्गात रेडीला, कर्नाटकात कोप्पळजवळ किर्लोस्करांची, खरगपूरला टाटांची. पहिल्यांदाच पिग म्हणजे पोलादवाल्याचं उरलंसुरलं न राहता आमच्यासाठी केलेला माल झाला. ग्रेड मागायची, सोबत तपासणीचा दाखला घ्यायचा. रेडीची भट्टी पुढे हात बदलत गेली आणि बंद पडली. कोकणातल्या लोकांना तिचं दुःख वेगळ्या कारणांनी आहे. पण कोल्हापूरच्या फौंड्रीला घाट चढून दारातच पिग येऊ लागलं होतं, ही गोष्ट खरी. त्याच सुमारास मी कोल्हापूरला परतलो. कोटा उचलणाऱ्या कागदी फौंड्र्या एका रात्रीत नाहीशा झाल्या, याचा आनंद मालकांना इतका झाला की मला निरोप देताना त्यांनी पेढे त्यासाठी वाटले की माझ्यासाठी, हे कळलं नाही.

क्युपोलाचे दिवसही फिरले. १९९६ मध्ये ताजमहालाच्या परिसरातल्या उद्योगांना कोळसा-कोक सोडून गॅसकडे जा किंवा जागा बदला, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आग्र्याच्या ओतकामवाल्यांना त्याचा मोठा धक्का बसला. इतर शहरांतही धुराचे नियम कडक झाले. कोल्हापुरात आज बहुतेक ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या. धूर नाही, गंधक नाही, तापमान आकड्यात वाचायचं. माझा भाचा अशीच फौंड्री चालवतो. तो स्फेरॉइडल बीड ओततो, ज्यात थोडं मॅग्नेशियम घालून ग्राफाइटचे पापुद्रे नाही, गोळे पाडतात. त्याला मँगनीज आणि फॉस्फरस अगदी कमी असलेलं पिग लागतं. बाकी पोलादाचं भंगार आणि वरून कार्बनची भुकटी. पिग दहा-वीस टक्के, कधी तेवढंही नाही.

"मामा, स्पेक्ट्रोमीटर दोन मिनिटांत सगळं सांगतो," तो म्हणतो. सांगतो, पण वितळल्यावर सांगतो. तेव्हा क्रोमियम काढता येत नाही, फक्त चांगलं लोखंड ओतून पातळ करता येतं, आणि त्यासाठी शेवटी पिगच उघडावं लागतं. त्याच्या यार्डात गेलो की मी भंगाराच्या ढिगाभोवती एक चक्कर मारतो आणि स्प्रिंगपाटे दिसले की बाजूला काढायला लावतो. त्याची माणसं मला टाळतात. परवा त्याने दराचा कागद पुढ्यात ठेवला, पिग आणि पत्र्याच्या भंगारातला फरक तांबड्या पेनाने रेघ मारून. मी विचारलं, काय ओततोयस? ट्रॅक्टरचे हब, म्हणाला. मग वीस टक्क्यांच्या खाली मी सही करणार नाही, म्हटलं. काउंटरवेट असते तर पिग शून्य लिहिलं असतं तरी चाललं असतं.